तारण ठेवलेली माणसं : सोलॉन आणि अथेन्स, इ.स.पू. 594

अथेन्सभोवतीच्या ॲटिका प्रदेशातल्या शेतांमध्ये त्या काळी जागोजाग दगड पुरलेले असत. ग्रीक भाषेत अशा दगडाला होरोस म्हणत. दगड दिसला की येणाऱ्याजाणाऱ्याला समजायचं, या पिकावर कसणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा तरी हक्क बसला आहे. शेतकरी पूर्वीसारखाच त्या शेतात राबायचा, पण मळणी झाली की ठरलेला हिस्सा त्याच्या खळ्यावरून उचलून नेला जायचा. हिस्सा थकला की त्याची स्वतःची पाळी यायची. तो, त्याची बायको, पोरं, सगळी धनकोच्या ताब्यात.

इ.स.पू. 594 मध्ये अथेन्सच्या दोन भांडणाऱ्या बाजूंनी मिळून एका माणसाला त्या वर्षाचा आर्कन, म्हणजे मुख्य अधिकारी, नेमलं. सोबत मध्यस्थ म्हणून सगळे अधिकार दिले आणि सांगितलं, यातून मार्ग काढ. त्या माणसाचं नाव सोलॉन. त्याने दगड उपटले, पण जमीन वाटली नाही. कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं हे त्याने कसं ठरवलं, आणि जिथे तो थांबला तिथून पुढे काय उगवलं, हे नीट पाहण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

वाद कशाचा होता

जमीन थोड्या घराण्यांच्या हाती होती. त्यांना युपॅट्रिड म्हणत, म्हणजे चांगल्या बापाचे, कुलवंत. दरवर्षी निवडले जाणारे नऊ आर्कन त्यांच्यातलेच. पद संपलं की तेच एरिओपॅगस या मंडळात जायचे आणि मरेपर्यंत तिथे बसायचे. म्हणजे फाळा घेणारा, न्याय देणारा आणि न्याय देणाऱ्यावर देखरेख करणारा, तिघेही एकाच घरचे.

त्यांच्या खाली हेक्टेमोरोई, म्हणजे सहाव्या हिश्श्याची कुळं. ही कुळं सहावा हिस्सा द्यायची की सहावा हिस्सा स्वतःकडे ठेवायची, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. ॲटिकाची जमीन हलकी, मुख्य पीक जवाचं, पाऊस बेभरवशाचा. अशा शेतात पिकाच्या सहाव्या हिश्श्यावर घर जगेल हे मला पटत नाही. ते सहावा हिस्सा देत असणार. पण हलक्या जमिनीत एक वाईट साल आलं, तर तेवढा हिस्साही घरातल्या बियाण्यावर येतो. मग कर्ज. अथेन्सची स्वतःची नाणी तेव्हा अजून पडायची होती. आणि तारण म्हणून ठेवायला गरिबाकडे स्वतःच्या शरीरापलीकडे काही नव्हतं. शरीर तारण ठेवून कर्ज घेणं तेव्हा कायदेशीर होतं. फेड झाली नाही की माणूस घरचा गुलाम व्हायचा, नाहीतर समुद्रापार विकला जायचा.

याआधी एक पिढी अथेन्सने दोन धक्के खाल्ले होते. इ.स.पू. 632 च्या सुमारास सायलॉन नावाच्या उमरावाने किल्ला ताब्यात घेऊन हुकूमशहा व्हायचा डाव टाकला. त्याचा सासरा थिॲजनीस हा शेजारच्या मेगारात असाच सत्तेवर बसला होता, तोही श्रीमंतांची गुरं कापून. डाव फसला. सायलॉनचे साथीदार देवीच्या आश्रयाला गेले असताना त्यांना मारण्यात आलं, आणि त्या पापाचा डाग मारणाऱ्या घराण्यावर दीडशे-दोनशे वर्षं राहिला. मग इ.स.पू. 621 च्या सुमारास ड्रॅकोने कायदे लिहून काढले. ते कठोर म्हणून बदनाम आहेत, पण त्याने खून मुद्दाम केला की हातून घडला हा फरक लिहून ठेवला. त्याचा मनुष्यवधाचा कायदा इतका टिकला की इ.स.पू. 409 मध्ये अथेन्सने तो पुन्हा दगडावर कोरून घेतला. कर्जाच्या प्रश्नाला मात्र ड्रॅकोमुळे काही फरक पडला नाही.

सोलॉनला दोन्ही बाजूंनी का मानलं? तो कुळाने युपॅट्रिड, पैशाने मध्यम. तरुणपणी त्याने व्यापारासाठी प्रवास केला होता. सालामिस बेट मेगाराकडून परत घेण्यासाठी त्याने लोकांना कवितेने पेटवलं होतं. राजकारणातलं म्हणणं तो पद्यात मांडायचा, आणि सोलॉनच्या त्या ओळींमुळेच हे प्रकरण आपल्याला करणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. संकट येण्याआधी त्याने श्रीमंतांना बजावलं होतं: हे शहर देवांच्या इच्छेने बुडणार नाही, त्याचे नागरिकच पैशाच्या हव्यासाने ते बुडवतील. पुढे त्याने एक चित्र काढलं आहे. सार्वजनिक अरिष्ट प्रत्येकाच्या दारात येतं, अंगणाचं दार त्याला अडवू शकत नाही, ते उंच कुंपणावरून उडी मारतं आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात लपलेल्या माणसालाही शोधून काढतं. वाड्यात राहणाऱ्यांना हे थेट कळण्यासारखं होतं. मेगारातली कापलेली गुरं त्यांच्या लक्षात होती.

मागण्या आणि एक मोह

गरिबांना जमिनीची समान वाटणी हवी होती. श्रीमंतांना जुजबी सवलत देऊन बाकी सगळं आहे तसं हवं होतं. आणि सोलॉनच्या जवळच्या माणसांचं म्हणणं, एवढी सत्ता हाती आली आहे तर सोडू नकोस, हुकूमशहा हो. त्याने नकार दिला तेव्हा लोक त्याला मूर्ख म्हणाले. ते बोलणंही त्याने स्वतःच कवितेत नोंदवलं आहे: देवाने पुढ्यात ठेवलं आणि याने घेतलं नाही, मासा जाळ्यात आला आणि याला जाळं ओढायचं धैर्य झालं नाही, मी असतो तर एक दिवस अथेन्सचा मालक होण्यासाठी अंगाचं कातडं काढून द्यायला तयार झालो असतो. आपल्यावरची टीका आपल्याच कवितेत इतक्या स्पष्टपणे लिहिणारा सत्ताधारी मला दुसरा आठवत नाही.

दगड उपटले

त्याने जे केलं त्याला ग्रीकमध्ये सेइसाख्थिया म्हणतात, अंगावरचं ओझं झटकून टाकणं. चालू कर्जं रद्द. सहाव्या हिश्श्याची देणी बंद. आणि यापुढे माणसाचं शरीर तारण ठेवून कुणी कर्ज देऊ नये, हा कायमचा कायदा.

साक्षीदार म्हणून त्याने कुणा माणसाला बोलावलं नाही. काळाच्या न्यायासनापुढे माझ्या बाजूने काळी माती साक्ष देईल, असं तो म्हणतो. ऑलिंपसच्या देवांची ती थोर आई. तिच्या अंगात जागोजाग ठोकलेले दगड मी उपटले. आधी ती गुलाम होती, आता मोकळी आहे. यानंतरच्या ओळी मी कितीदा वाचल्या असतील. विकले गेलेले अनेक जण मी अथेन्सला, देवांनी वसवलेल्या मायभूमीला परत आणले, तो सांगतो. काही अन्यायाने विकले गेले होते, काही न्यायाने. आणि जे खूप दूरदूर भटकले होते त्यांना आता ॲटिकाची बोली बोलता येत नव्हती.

ही एक ओळ सगळ्या आकडेवारीपेक्षा मोठी आहे. बंदरावर उतरलेला माणूस, केस पिकलेले, आणि घ्यायला आलेल्या भावाशी त्याला धड बोलता येत नाही. कर्ज किती धान्याचं होतं ते कुणाला आठवत नसेल. ‘न्यायाने’ विकलेले हा शब्दही सोलॉनने गाळला नाही. त्यांची विक्री तेव्हाच्या कायद्यात बसत होती हे त्याने मान्य केलं, आणि तरीही त्यांना परत आणलं. कायद्याप्रमाणे झालं म्हणजे ते तसंच राहू द्यायचं, हे त्याला मान्य नव्हतं.

जमिनीच्या वाटपाला मात्र त्याने ठाम नकार दिला. मायदेशाच्या सुपीक मातीत भल्याबुऱ्यांना सारखा वाटा देणं मला रुचलं नाही, असं तो सरळ लिहितो. यात त्याच्या कुळाचा संस्कार बोलतो आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण दुसरं कारणही दिसतं. जमीन हिसकावून वाटायची तर हाताशी सोटेवाले लागतात, आणि सोटेवाले ठेवले की माणूस हुकूमशहा होतो. तो रस्ता त्याने आधीच नाकारला होता.

अंमलबजावणीत एक जखम राहिली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सोलॉनने बेत जाहीर करण्याआधी काही मित्रांना विश्वासात घेतलं होतं: जमिनीला हात लावणार नाही, कर्जं मात्र रद्द करणार. मित्रांनी घाईघाईने मोठी कर्जं काढली, जमिनी विकत घेतल्या आणि मग कर्जं रद्द झाली. लोकांचा संशय सोलॉनवरही आला. त्याचेच पाच टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदी तोलायचं मोठं वजन) लोकांकडे येणं होतं आणि ते त्याने सर्वांच्या आधी सोडून दिलं, हे समजल्यावर संशय निवळला. पण मित्रांना ‘कर्जबुडवे’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी त्या मित्रांपेक्षा सोलॉनला अधिक दोष देतो. ज्या निर्णयाने रातोरात कुणी श्रीमंत होऊ शकतो, तो घोषणेआधी कुणाच्याही कानावर जाता कामा नये.

तक्रार कोण करणार

कर्जमाफी सर्वांना आठवते. माझ्या मते मूळ काम तिच्या पुढचं आहे, आणि तिथे सोलॉनची बुद्धी खरी चालली.

शरीर तारण ठेवायला बंदी केली, ठीक. पण उद्या कुणी ती मोडली तर? ज्याला उचलून नेलं तो फिर्याद करायला न्यायालयात येऊ शकत नाही. तो वाड्यात डांबलेला असतो, नाहीतर जहाजावर. जुन्या रीतीप्रमाणे ज्याचं नुकसान झालं त्याने किंवा त्याच्या नातलगांनी दाद मागायची, आणि गरिबाचे नातलगही त्याच धनकोचे ऋणको. म्हणून सोलॉनने सांगितलं, अन्याय झालेल्या माणसासाठी कुणाही नागरिकाने, ज्याची इच्छा असेल त्याने, दावा लावावा. तिसरी गोष्ट, अधिकाऱ्याने दिलेल्या निकालाविरुद्ध नागरिकांच्या न्यायसभेकडे, हेलियाकडे, अपील करता येईल.

ॲरिस्टॉटलच्या शिष्यवर्गात तयार झालेल्या अथेन्सच्या राज्यघटनेच्या ग्रंथाने सोलॉनच्या सुधारणांतल्या सर्वांत लोकाभिमुख गोष्टी म्हणून नेमक्या याच तीन निवडल्या आहेत: शरीराच्या तारणावर बंदी, कुणालाही दाद मागण्याचा हक्क, आणि अपील. मला त्या वेगळ्या वाटत नाहीत. दुसरी नसेल तर पहिली कागदावर राहते, आणि तिसरी नसेल तर दुसरी युपॅट्रिड न्यायाधीशाच्या दारात अडते. (हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. 1890 च्या सुमारास इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि 1891 मध्ये लंडनमध्ये छापला गेला. गुंडाळ्यांच्या पुढच्या बाजूला इ.स. 78-79 मधल्या एका शेतीचा जमाखर्च आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणी तरी अथेन्सची घटना उतरवून घेतली. शेतकऱ्यांच्या कर्जाची ही हकिकत शेतीच्या हिशेबाच्या पाठीवर बसून आपल्यापर्यंत आली.)

पदांसाठी त्याने कुळाच्या जागी उत्पन्न आणलं. मेदिम्नोस हे धान्याचं माप, साधारण 52 लिटरचं. वर्षाला 500 मापं पिकवणारे पहिल्या वर्गात, 300 वाले घोडेस्वार, 200 वाले बैलजोडीवाले, त्याखालचे सगळे थीटीस, म्हणजे मजूर आणि अल्पभूधारक. मोठी पदं वरच्यांना. थीटीसना पद नाही, फक्त लोकसभेत आणि न्यायसभेत बसण्याचा हक्क. प्लुटार्क म्हणतो की हा हक्क सुरुवातीला नगण्य वाटला आणि पुढे सगळं त्याच्यातच आहे असं दिसून आलं, कारण बहुतेक तंटे शेवटी त्या न्यायसभेपुढेच यायचे. चार टोळ्यांतून शंभर-शंभर घेऊन 400 जणांची एक परिषदही त्याने केली असं परंपरा सांगते. एरिओपॅगस मात्र ठेवलं.

विहिरीचा कायदा

सोलॉनच्या नावावर पुष्कळ लहान कायदे आहेत. धान्य बाहेर पाठवायला बंदी, फक्त ऑलिव्हचं तेल चालेल. मुलाला एखादा धंदा न शिकवणाऱ्या बापाला म्हातारपणी मुलाकडून पोषण मागता येणार नाही. ऑलिव्हचं झाड शेजाऱ्याच्या हद्दीपासून नऊ फुटांवर लावावं. यातला विहिरीचा कायदा मला सर्वांत जवळचा वाटतो.

ॲटिकात बारमाही नद्या आणि तळी जवळजवळ नव्हतीच. कायदा असा: चार स्टेडियाच्या आत, म्हणजे सुमारे सातशे मीटरच्या आत, सार्वजनिक विहीर असेल तर तिचंच पाणी वापरावं. त्याहून दूर असेल तर स्वतःची विहीर खणावी. दहा पुरुष खोल खणूनही पाणी लागलं नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून दिवसातून दोनदा सहा खूसची घागर, म्हणजे सुमारे 20 लिटर पाणी घ्यावं. शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही.

आधी खण, हातात फोड येईपर्यंत खण, आणि तरीही कोरडी निघाली तर ते पाणी तुझा हक्क आहे. घागर किती मोठी आणि किती वेळा, हेही ठरवून दिलं, म्हणजे विहिरीवर भांडण नको आणि शेजाऱ्याच्या मर्जीची वाट पाहणंही नको. गरजूने मेहेरबानी मागत उभं राहू नये, ही त्याची धडपड कर्जाच्या कायद्यात दिसते तशीच इथेही दिसते.

हे कायदे लाकडी फळ्यांवर कोरून फिरत्या चौकटींत बसवले होते, म्हणजे माणसाने उभं राहावं, फळी फिरवावी आणि वाचावं. प्लुटार्कच्या काळात, सुमारे सातशे वर्षांनी, त्यांचे थोडे तुकडे शिल्लक होते.

पुढे काय झालं

दोन्ही बाजू नाराज झाल्या. श्रीमंतांची येणी बुडाली होती, गरिबांना जमीन मिळाली नव्हती. कुत्र्यांच्या गराड्यात सापडलेल्या लांडग्यासारखा मी चहूकडे वळत राहिलो, असं सोलॉन लिहितो. कायदे बदलणार नाही अशी अथेन्सकडून शपथ घेऊन तो दहा वर्षांसाठी इजिप्त आणि सायप्रसकडे निघून गेला. यापुढे अर्थ लावायला मी नाही, जे लिहिलं आहे ते पाळा, असा त्याचा रोख होता.

ते पाळलं गेलं आणि नाहीही. काही वर्षं आर्कनच निवडता आला नाही. इ.स.पू. 582 मध्ये निवडलेला डमॅसियस नावाचा आर्कन मुदत संपल्यावर उठेना. दोन वर्षं दोन महिन्यांनी त्याला बळाने काढलं. मग तीन गट पडले: सपाटीवाले, किनाऱ्याचे आणि डोंगराकडचे. डोंगराकडच्यांचा पुढारी पिसिस्ट्राटस. त्याच्यामागे गरीब होतेच, पण कर्जमाफीत ज्यांची येणी बुडून दैन्य आलं होतं तेही होते. इ.स.पू. 561 च्या सुमारास त्याने स्वतःच्या अंगावर जखमा करून घेतल्या, शत्रूंनी मारलं म्हणून सांगितलं, लोकांकडून सोटेवाले अंगरक्षक मागून घेतले आणि किल्ला ताब्यात घेतला. म्हातारा सोलॉन विरोधात उभा राहिला. कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्याने आपली शस्त्रं दाराबाहेर आणून ठेवली: मला जमलं तेवढं मी केलं.

सोलॉनची मोठी उणीव कुठली, याचं उत्तर मला पिसिस्ट्राटसच्या कारभारात सापडतं. सोलॉनने शरीराचं तारण बंद केलं ते योग्यच होतं. पण त्यानंतर हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला वाईट सालात उसनं कोण देणार? त्याच्याकडे ठेवायला आता काहीच नव्हतं. जुलमी कर्जाचं दार लागलं, पण दुसरं उघडलं नाही. पिसिस्ट्राटसने ते उघडलं: गरिबांना शेतीसाठी सरकारातून कर्ज द्यायला सुरुवात केली आणि गावोगाव फिरणारे न्यायाधीश नेमले. लोकांनी त्याला सहन केलं त्यात या कर्जांचा वाटा मोठा आहे. सोलॉनचे बरेच कायदे त्याने तसेच चालू ठेवले.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. हायमेटस डोंगराजवळ एक माणूस नुसते दगड असलेली जमीन खणत होता. काय पिकतं इथे, असं पिसिस्ट्राटसने विचारवलं. तो म्हणाला, दुखणी आणि ठणके. आणि त्यांचाही दहावा हिस्सा पिसिस्ट्राटसने घ्यायला हवा. त्याचं मोकळं बोलणं ऐकून पिसिस्ट्राटसने त्याचा कर माफ केला. हा माणूस सोलॉनच्या नंतरचा नागरिक आहे. त्याच्या शेतात होरोस नाही, त्याला कुणी विकू शकत नाही, सत्ताधाऱ्याच्या माणसाला तो मनातलं बोलून दाखवतो. आणि जमीन अजून तीच आहे, दगडांची.

पिसिस्ट्राटसच्या मुलाला इ.स.पू. 510 मध्ये हाकलल्यावर क्लिस्थेनिसने 508-507 मध्ये नागरिकांची दहा टोळ्यांत नव्याने विभागणी केली आणि परिषद 500 जणांची केली. त्याला हाताशी धरायला एक नागरिकवर्ग तयार होता, कर्जापोटी विकला न जाणारा आणि न्यायसभेत बसायची सवय झालेला. कर्जासाठी नागरिकाला गुलाम करण्याची रीत अथेन्समध्ये परत आली नाही.

श्रीमंतांना कामाला माणसं तर लागतच होती. ती बाहेरून विकत येऊ लागली, ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमधून, आशिया मायनरमधून, आणि पुढे लॉरिअनच्या चांदीच्या खाणींत हजारोंनी उतरली. स्वतःच्या माणसाचं शरीर बाजारातून काढल्यावर अथेन्सने परक्याचं शरीर तिथे आणून उभं केलं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं अनेक इतिहासकार मानतात. मलाही तसंच वाटतं. खाणीत उतरलेला थ्रेसचा माणूसही वर्षांमागून वर्षं गेल्यावर आपली बोली विसरत गेला असेल. त्याला घरी परत नेणारा कायदा अथेन्सने कधी केला नाही.